गाडी असती तर

एकतीस वर्षं सतरा मेला मी ड्यूटीवर होतो.
बर्गन शहराला कठड्यापर्यंत आणून सोडायचं,
दार उघडायचं, उतरणाऱ्या लोकरी घागऱ्यांना, चांदीच्या बकलांना
'जपून' म्हणायचं
आणि बस वळवून घ्यायची.
राष्ट्रीय दिन म्हणजे माझ्यासाठी
मागच्या काचेतून येणारे पोरांच्या पथकांचे ढोल.
बस्स.

आता नजरेच्या मधोमध एक डाग बसलाय,
बशीएवढा, फिक्या चहाच्या रंगाचा.
ज्याच्याकडे बघावं तोच पुसला जातो,
कडा तेवढ्या शाबूत.
लायसन परत केलं, गाडी पुतण्याला दिली,
आणि ठरवलं, या वर्षी मिरवणूक बघायचीच.

खालच्या मजल्यावरची लेतेब्रहान इस्पितळात,
रात्रपाळीतून सरळ दिवसपाळीत अडकलेली.
माझ्या दारात तिची सेमहार, वय नऊ, हातात कागदी झेंडा.
"साडेनऊला शाळेच्या फलकाखाली उभं राहायचंय.
नेशील मला?"
नेतो म्हणालो,
जणू बस अजून खाली उभीच आहे.

पहिली ट्राम खच्चून भरून गेली.
दुसरीत माणसं पिंपातल्या हेरिंगसारखी,
घागऱ्यांना इस्त्री केल्याचा पस्तावा करत.
तिसरी थांबलीच नाही.
पाऊस नव्हता. सगळे वर बघत होते, संशयाने.
"डोंगरातून जाऊ," सेमहार म्हणाली.

डोंगराच्या पोटात पायी जाणाऱ्यांचा बोगदा आहे,
तीन किलोमीटरला जरासा कमी.
हयातभर मी या डोंगराला वळसा घालत आलो,
आत जायची वेळ कधी आली नाही.
थंडगार. दिवे मध्येच निळे, मध्येच जांभळे,
असं ती सांगत होती.
"समोरून सायकल." "डावीकडे बाई. घागऱ्याखाली पळायचे बूट."
बदल्यात मी तिला वरचं सांगत गेलो:
आता डोक्यावर झाडं, आता नुसता कातळ, आता मेंढ्या.
"मेंढ्यांना कळत असेल?"
"काय?"
"आपण खाली आहोत ते."
एकतीस वर्षांत एकाही प्रवाशाने
मला असं काही विचारलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा नऊ वाजून बारा.
तिथे राग्नफ्रिद, पेटीच्या सायकलवर,
पेटीत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला ट्यूबा,
आजारी नातेवाइकासारखा.
बँडवाली. तिलाही उशीर.
"एक जागा आहे, पण वाद्य मांडीवर घ्यावं लागेल."
सेमहारने माझ्याकडे पाहिलं असावं.
गप्प झाली, त्यावरून कळलं.
"जा," म्हणालो. "मला रस्ता पाठ आहे."

मग थांबे मोजत चालू लागलो.
डान्मार्क्स प्लास: इथे एक बाई चढायची, सुट्टे कधीच नसायचे.
नीगोर्डचा पूल: इथला वारा बसला बाजूनं ढकलायचा,
आज मला ढकलत होता, जुन्या ओळखीनं.
पुढे गर्दी. खांदे, सॉसेजचा धूर,
कुणाचंतरी आइस्क्रीम माझ्या बाहीवर.
आणि हाताला लागला कठडा.
तोच.

उजवा पाय आपसूक ब्रेक शोधू लागला.
मागे वळलो, वळवायला जागा आहे का बघायला.
"काय झालं, आजोबा?"
पिवळ्या जाकिटातून कोवळा आवाज.
"इथून पुढे बंद आहे ना?"
"गाड्यांना," तो म्हणाला. "तुम्ही कुठे गाडी आहात?"

ढोल आले. मध्ये काच नव्हती,
थेट छातीच्या फळीवर.
शाळांमागून शाळा जात होत्या.
मी नजर मुद्दाम आभाळाला लावली,
म्हणजे रस्ता कडेला येतो:
बूट, रिबिनी, फडफड, एक सुटलेली नाडी,
पितळेचा केवढा तरी मोठा वाकडा सूर.
आणि त्या सगळ्यातून कुणीतरी ओरडलं,
"टोर्लाइफ! खाली बघ! मी इथे आहे!"
मी आणखी वर पाहिलं.